भांड्यावरची काच

शाडूचा गणपती पाण्यात ठेवला की काही तासांत त्याची पुन्हा माती होते. कुंभाराच्या मडक्याचं खापर मात्र नदीपात्रात शंभर वर्षं पडून राहिलं तरी खापरच राहतं. पेणच्या कारखान्यांत हे शाडूचे गणपती सुकवतात, रंगवतात, पण भाजत नाहीत. विसर्जन जमतं ते त्यामुळेच. माती एकदा साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की मग कितीही भिजवा, तिचा चिखल होत नाही.

भांडी बनवायला शिकणाऱ्याचा हात चाकावर हळूहळू बसतो. भिंत जाड राहिली, मध्य सरकला, की लगेच बोटांना कळतं. ग्लेझ, म्हणजे भांड्यावर चढणारा काचेचा थर, आणि भट्टी यांचं तसं नाही. दार बंद झाल्यावर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि दोन दिवसांनी दार उघडल्यावर जे समोर येतं त्याचं कारण तीन आठवड्यांपूर्वी घडून गेलेलं असू शकतं. सिंधुदुर्गातल्या एका लहानशा स्टुडिओत शिकताना माझं हळूहळू एक मत झालंय: विद्यार्थी ज्याला ‘ग्लेझ बिघडलं’ म्हणतात त्यातलं बरंचसं ग्लेझच्या बादलीत बिघडलेलंच नसतं. सुकवताना, पहिल्या भाजणीत, नाहीतर भट्टी निवताना काहीतरी राहून जातं, आणि चुगली तेवढी ग्लेझ करतं. म्हणून इथे मी ग्लेझच्या पाककृती कमी सांगणार आहे. आग मातीचं काय करते, ते जास्त.

पाणी दोनदा जातं

मातीत पाणी दोन प्रकारचं असतं. एक आपण मळताना घातलेलं. दुसरं कणांच्या रचनेतच बांधलेलं; चायना क्लेचं मुख्य खनिज जे केओलिनाइट, त्यात हे बांधलेलं पाणी वजनाच्या जवळजवळ १४ टक्के भरतं. पहिलं पाणी वाऱ्याने जातं. दुसरं फक्त आगीने, ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, आणि तेच गेल्यावर माती कायमची बदलते.

कोकणात पंचाईत होते ती पहिल्या पाण्याची. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की भांडं पंधरा दिवस फळीवर ठेवलं तरी आतून पुरतं कोरडं होत नाही. वरून मात्र पांढरट, सुकलेलं दिसतं. ते तसंच भट्टीत गेलं आणि तापमान भराभर चढवलं, की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. जाड बुडाच्या भांड्यात ती जागा नसते, मग बूड ठिकऱ्या होऊन उडतं आणि त्या ठिकऱ्या शेजारच्या भांड्यांत जाऊन बसतात.

भांडं गालाला लावून बघायचं, गार लागलं तर अजून ओलं, ही जुनी खूण. उन्हाळ्यात ती चोख चालते. पावसाळ्यात फसवते, कारण गारवा लागतो तो पाणी उडत असल्यामुळे. हवाच ओलसर असली की पाणी उडणं थांबतं, भांडं गार लागत नाही, आणि ओल मात्र आत तशीच. त्यापेक्षा वजनकाटा बरा. एकच भांडं रोज तोलायचं. वजन उतरायचं थांबलं म्हणजे भांड्याची आणि हवेची बरोबरी झाली. बरोबरी झाली याचा अर्थ कोरडं झालं असा नाही. उरलेलं पाणी भट्टीतच काढायचं: ८० ते ९० अंशांवर रात्रभर, झाकण किंचित उचललेलं किंवा वरचं भोक उघडं. स्टुडिओत याला कँडलिंग म्हणतात. भोकाशी क्षणभर गार काच धरायची. तिच्यावर दव धरलं तर अजून थांबायचं.

आमच्याकडे माती घेऊन येणारे कुंभारकाका यावर एवढंच म्हणतात, “सुकांदे आधी, मगे बघूया.” त्यांचा आवा, म्हणजे भट्टी, उघड्यावरचा: पेंढा, गोवऱ्या, भाताचं तूस. तापमान ७०० ते ९०० अंशांच्या आसपास, आणि आग काही तासांत चढते. एवढ्या झपाट्याने भाजूनही त्यांची मडकी तगतात, कारण मातीत वाळू भरपूर असते आणि भिंत पातळ. वाफेला वाट मिळते. आपण पिशवीतून विकत आणलेली गुळगुळीत स्टोनवेअरची माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी, तसं ऐकत नाही. त्यांचा वेग बघून आपल्या भट्टीचा वेग ठरवू नये.

पहिल्या भाजणीचं खरं काम

पहिली भाजणी म्हणजे बिस्क. ९५० ते १००० अंश. हेतू असा की भांडं हाताळण्याइतकं टणक व्हावं, पण पाणी ओढणारं राहावं. कारण ग्लेझ लावताना भांडं पाणी ओढतं आणि पूड पृष्ठभागावर थापली जाते. फार वर भाजलं तर भांडं पाणी ओढत नाही, ग्लेझ ओघळतं.

हे सगळ्या पुस्तकांत असतं. कमी बोललं जातं ते दुसऱ्या कामाबद्दल: मातीतली घाण जाळणं. मुळं, शेवाळ, कुजलेला पाला, म्हणजे थोडक्यात कार्बन. खाडीकाठच्या, कांदळवनाजवळच्या मातीत तर गंधकाची संयुगंही असतात. ओल्या मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. हे सगळं साधारण ३०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात जळून वायू होऊन निघून जायला हवं, आणि त्याला भरपूर हवा लागते. भट्टी खच्चून भरली, भोकं बुजवली आणि वेग वाढवला, तर वरचा थर टणक होतो आणि आत कार्बन अडकतो. भांडं फोडून बघितलं तर मधोमध काळी रेघ दिसते.

आता दुसरी भाजणी. ग्लेझ वितळून वर काचेचा थर झाला, आणि तेव्हा अडकलेला कार्बन जळायला लागला. वायू वर येतो, काचेला भोक पाडतो. काच घट्ट असेल तर भोक तसंच राहतं: पिनहोल. किंवा मातीच मऊ झालेली असते आणि वायू तिला आतून फुगवतो: भांड्यावर फोड. विद्यार्थी ग्लेझची बादली ओतून देतो, नवीन कालवतो, पुन्हा तेच होतं. खरा उपाय बिस्क सावकाश करण्यात असतो. ६०० अंशांपर्यंत ताशी ८० ते १०० अंशांच्या पुढे जाऊ नये आणि भट्टीला श्वास घेऊ द्यावा, एवढ्याने अर्धी पिनहोलं जातात.

वाटेत ५७३ अंशांवर आणखी एक गोष्ट घडते. मातीतल्या क्वार्ट्झचा स्फटिक या तापमानाला आपली ठेवण बदलतो आणि एकदम थोडा फुगतो. निवताना त्याच ठिकाणी तो एकदम आकसतो. रुंद ताटाची एक कड ५०० वर आणि दुसरी ६०० वर असेल, तर एक बाजू आकसलेली आणि दुसरी नाही. ताट तडकतं. म्हणून चढतानाही आणि उतरतानाही या आकड्याजवळ घाई नको.

शिंपल्याचा तुकडा

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आपल्याच खाडीची माती वापरायचा मोह होतो. मलाही होतो, आणि तो वाईट नाही. पण त्या मातीत दोन गोष्टी असतात: मीठ आणि शिंपले.

मिठाचं सोपं. सुकताना पाणी पृष्ठभागाकडे येतं, मीठही घेऊन येतं, आणि काठांवर पांढरट साय धरते. भाजल्यावरही ती डाग बनून राहते आणि वरचं ग्लेझ कडांवर वेगळं वागतं. माती मोठ्या पिंपात गोड्या पाण्यात कालवायची, खाली बसू द्यायची, वरचं पाणी फेकायचं, पुन्हा. चवीला खारट लागेनासं होईपर्यंत. म्हणजे ते वरचं पाणी. माती चाखायची गरज नाही.

शिंपला जास्त कावेबाज. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बिस्कच्या आगीत, ८०० अंशांच्या वर, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कोकणात शिंपले भाजून चुना करायची पद्धत जुनीच. इथे तीच गोष्ट नकळत भांड्याच्या भिंतीत होते. भट्टी उघडल्यावर भांडं निर्दोष दिसतं. मग हवेतली ओल आत शिरते, चुना ती पितो, फुगतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, भांड्यावरून नखाएवढी कपची टुणकन उडते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की गुन्हेगार सापडला. आपल्या हवेत हे लवकर होतं. उपाय एकच: माती पातळ कालवून बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायची. पीठ होईल इतका बारीक चुना त्रास देत नाही. तुकडे देतात.

मग ग्लेझ म्हणजे काय

ग्लेझ ही भांड्यावर जागच्या जागी तयार केलेली काच. काच मुख्यतः सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या क्वार्ट्झची. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काचकारखाने आणि ओतकामाच्या फाउंड्र्या ज्या प्रकारची वाळू वापरतात तीच ही. पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं. आपली भट्टी तिथवर जात नाही, गेली तरी भांडं उरणार नाही.

इथे फ्लक्स येतो, म्हणजे वितळण्याचं तापमान खाली आणणारा पदार्थ. मे महिन्याच्या सुट्टीत हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फावर जाडं मीठ टाकतात. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो. दोन पदार्थ एकत्र आले की त्यांचं मिश्रण प्रत्येकापेक्षा कमी तापमानाला वितळतं, हा तोच नियम. सिलिकेत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक किंवा बोरॉन यांची ऑक्साइडं मिसळली की ती १२०० अंशांना, बोरॉन भरपूर असेल तर १००० च्या आसपासही वितळते.

फक्त सिलिका आणि फ्लक्स घेतले तर काच होते, पण ती भिंतीवरून मधासारखी खाली वाहून भट्टीतल्या शेल्फला चिकटते. तिला धरून ठेवायला अॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) लागते, आणि ती चायना क्लेमधून येते. चायना क्लेचा आणखी एक फायदा म्हणजे ती बादलीत बाकीच्या पुडी तरंगत ठेवते, नाहीतर वाळू तळाशी जाऊन दगड होतो.

उदाहरण म्हणून जगभरच्या स्टुडिओंत ४-३-२-१ या नावाने चालणारं ग्लेझ घ्या: ४० भाग पोटॅश फेल्डस्पार, ३० भाग सिलिका, २० भाग व्हायटिंग, १० भाग चायना क्ले. साधारण १२८० अंशांचं. व्हायटिंग म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, वर ज्याला शिव्या घातल्या तेच. बारीक दळून ग्लेझमध्ये आलं की ते उपयोगी फ्लक्स. फेल्डस्पार हा खडकातून मिळणारा खनिज पदार्थ तिन्ही कामं थोडी थोडी करतो, कारण त्यात सिलिका, अॲल्युमिना आणि फ्लक्स तिन्ही आहेत. नवशिक्याने दहा सुंदर पाककृती गोळा करण्यापेक्षा हे एकच घ्यावं आणि दर वेळी एकच घटक कमीजास्त करत टाइलवर बघावं. सिलिका वाढवली तर काय, व्हायटिंग वाढवलं तर काय. हे काम कंटाळवाणं आहे, आणि शिकण्यासारखं जे काही आहे ते त्यातच आहे.

रंगाला फार लागत नाही. कोबाल्ट ऑक्साइड अर्धा टक्का घातलं तरी ठसठशीत निळा. तांबं दोन-तीन टक्के: विजेच्या भट्टीत हिरवा. लोह एक-दोन टक्के असेल तर फिकट, आठ-दहा टक्के असेल तर गडद तपकिरी ते काळा. बादलीतला रंग आणि भाजल्यावरचा रंग यांचा संबंध जोडू नका. कोबाल्ट कार्बोनेट घातलेलं ग्लेझ बादलीत गुलाबी-जांभळट दिसतं.

अंगणातला कच्चा माल

जांभ्याची लाल माती लोहाने भरलेली. ती गाळून, वस्त्रगाळ करून ग्लेझमध्ये घातली की तपकिरी छटा मिळतात, आणि दुकानातल्या शुद्ध आयर्न ऑक्साइडपेक्षा त्या अधिक खोल वाटतात, असं माझं मत. भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिका असते. लाकडाची राख उलट: तिच्यात कॅल्शियम जास्त, थोडं पोटॅश, म्हणजे फ्लक्स. फेल्डस्पार, लाकडाची राख आणि तुसाची राख साधारण समभाग घेऊन केलेलं दुधाळ पांढरं ग्लेझ जपानमध्ये नुका म्हणून ओळखलं जातं. तिथेही भात, इथेही भात. आंबा-काजूच्या लाकडाची राख चुलीतून रोज निघते, तूस गिरणीवर मिळतं. फक्त राख कालवताना हातमोजे घाला, ओल्या राखेने कातडी सोलते. आणि दर खेपेची राख वेगळी असते, म्हणून एकदाच मोठा डबा भरून, मिसळून ठेवायचा.

मीठही ग्लेझ करतं. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात काही शतकं भट्टी लालबुंद असताना तिच्यात मीठ फेकायची पद्धत होती. मिठाची वाफ होऊन सोडियम थेट मातीतल्या सिलिकेला धरतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत चकचकीत थर चढतो. शिरोड्याची मिठागरं जवळ आहेत म्हणून कुणी विजेच्या भट्टीत हा प्रयोग करू नये. निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर छातीलाही वाईट आणि भट्टीच्या तारांनाही.

लावताना

बिस्क भांड्यावरची धूळ ओल्या स्पंजने पुसायची आणि पुन्हा सुकू द्यायचं. धूळ राहिली तर ग्लेझ तिच्यावर बसतं, मातीवर नाही. वितळताना आकसून गोळा होतं आणि मध्ये मातीची उघडी बेटं राहतात. तेलकट हातानेही हेच होतं. आपल्याकडे सकाळी केसांना खोबरेल चोपडून क्लासला येणारे पुष्कळ. कपाळावरून हात फिरवला आणि कप उचलला की बोटांचे ठसे ग्लेझमध्ये कायमचे उमटतात.

जाडी मोजायची सोपी रीत: १०० मिलिलिटर ग्लेझ तोला. १४० ते १५० ग्रॅमच्या मध्ये भरलं तर बुडवण्याजोगं. दोन-तीन सेकंद बुडवलं, काढलं, झटकलं, झालं. पोस्टकार्डाएवढा थर पुरतो. पावसाळ्यात बिस्क भांडी उघडी पडून राहिली तर ती हवेतली ओल पितात आणि मग ग्लेझ कमी ओढतात, थर पातळ बसतो. लावायच्या आधी उन्हात किंवा गरम भट्टीवर तासभर ठेवली की फरक कळतो. बूड आणि बुडाजवळची बोटाच्या पेराची अर्धी उंची स्वच्छ पुसायची. तिथे ग्लेझ राहिलं तर भांडं आणि शेल्फ एक होतात.

आणि मास्क. कोरडी पूड कालवताना एन-९५, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस तो हाच. याबाबतीत माझं काही सौम्य मत नाही. झाडू हातात घेणाऱ्याला स्टुडिओबाहेर उभं करावं.

शून्य सहा आणि सहा

भट्टीच्या तापमापकावर आकडा दिसतो, तरी आत कोन ठेवतात. कोन म्हणजे मातीच्या मिश्रणाचा बोटभर सुळका, ठरलेल्या आगीला वाकणारा. हेर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत बसवली, १८९६ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी आपले कोन काढले, आणि आज आपल्याकडे बहुधा ऑर्टनचेच आकडे बोलले जातात. तापमापक फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो. कोन तापमान आणि वेळ दोन्हींचा हिशेब ठेवतो, कारण तो स्वतःच ग्लेझसारखा पदार्थ आहे. हळू चढलेल्या भट्टीत ग्लेझ कमी आकड्यालाही पिकतं, आणि कोनही तिथेच वाकतो.

आकड्यांत एक सापळा आहे. कोन ०६ म्हणजे सुमारे १००० अंश. कोन ६ म्हणजे सुमारे १२२२ अंश. शून्य पुढे असलेले कोन उलटे मोजतात: ०२२ सगळ्यात थंड, ०१ त्याहून गरम, मग १, २, ३ असे वर. गावातली लाल माती साधारण १००० ते ११०० अंशांची. तिचं भांडं चुकून कोन ६ च्या भट्टीत गेलं तर ते फुगतं, लवतं, आणि शेवटी शेल्फवर तपकिरी डबकं होऊन बसतं. शेल्फची किंमत बघता हा विनोद महागात पडतो. कोणत्या पिशवीची माती, कोणता कोन, हे भांड्याच्या बुडावर कच्चं असतानाच कोरून ठेवा.

लाल मातीवर ग्लेझ करायचंच असेल तर बोरॉनच्या फ्रिटवर (आधीच वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीवर) आधारलेलं, कमी तापमानाचं घ्या. पूर्वी हे काम शिसं करायचं. स्वस्त, चकचकीत, विषारी. खायच्या-प्यायच्या भांड्यावर शिशाचं ग्लेझ नको, आणि सुटी पुडी विकणाऱ्याला त्यात काय आहे ते सांगता येत नसेल तर ती पुडीही नको.

आग, धूर, आणि थांबणं

विजेच्या भट्टीत हवा असते, म्हणून धातू ऑक्सिजनसकट राहतात. गॅस किंवा लाकडाच्या भट्टीत हवा कमी केली तर आग ऑक्सिजनसाठी वखवखते आणि ग्लेझमधल्या ऑक्साइडांतून तो ओढून घेते. याला रिडक्शन म्हणतात. विजेच्या भट्टीत पिवळट दिसणारं एक-दोन टक्के लोह इथे निळसर-हिरवं होतं, तोच सेलाडॉन. तांबं हिरव्याचं लाल होतं. साधारण ९५० अंशांनंतर, ग्लेझ मिटायच्या आत, रिडक्शन सुरू करावं लागतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, म्हणून अशी भट्टी बंद खोलीत कधीही नाही.

कळसाला पोचल्यावर दहा-वीस मिनिटं तिथेच धरायचं, म्हणजे बुडबुडे मिटतात. पावसाळ्यात अशा वेळी वीज जाते, हा कोकणचा नियम समजा. भट्टी उघडू नका. गेलेली वीज तासाभरात आली तर पुन्हा चढवता येतं, कोन बघून. नाही आली तर सगळी निवल्यावर भांडी तशीच दुसऱ्यांदा भाजता येतात. अर्धवट भाजलेलं ग्लेझ सुधारता येतं. गरम असताना दार उघडून तडकवलेलं भांडं सुधारत नाही.

निववण्याचा नियम सोपा, पाळायला कठीण: १०० अंशांच्या खाली येईपर्यंत हात लावायचा नाही. ५७३ चा क्वार्ट्झ वर सांगितलाच. त्याचा भाऊ क्रिस्टोबलाइट, काही जास्त भाजलेल्या मातीत तयार होणारा, २२६ अंशांच्या आसपास तसाच आकसतो, आणि नेमकं तेव्हाच माणसाला झाकण उचलून डोकवावंसं वाटतं.

उघडल्यावर

ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ते क्रेझिंग. निवताना काच मातीपेक्षा जास्त आकसली, तिला जागा पुरली नाही, ती तडकली. विद्यार्थी ग्लेझ जाड किंवा पातळ करून बघतात. खरी दुरुस्ती बहुधा ग्लेझमध्ये सिलिका वाढवण्यात किंवा सोडियम कमी करण्यात असते, कारण सोडियमची काच फार आकसते. उलटी अडचणही येते: काच कमी आकसली तर काठावरून तिच्या कपच्या सुटतात. ती जास्त धोक्याची, कपची चहात जाते.

कधी रेघा सहा महिन्यांनी उमटतात. भट्टीतून निघताना कप गुळगुळीत, पुढच्या गणपतीत जाळीदार. त्यात ग्लेझचा हात नसतो. माती पुरती पिकलेली नसते, ती सच्छिद्र राहते, कोकणातली ओल वर्षभर पीत किंचित फुगते, आणि वरची काच ताणली जाऊन तडकते. मंगलोरी कौलं छपरावर पाणी पितात, त्यांच्यावर शेवाळ धरतं, पण त्यांच्यावर काच नसल्याने त्यांचं काही बिघडत नाही. कपाचं बिघडतं. म्हणून प्रत्येक नव्या मातीची एक बिनग्लेझची पट्टी त्याच भट्टीत भाजून घ्या. कोरडी तोला, पाच तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन दोन-तीन टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती माती त्या तापमानाला स्टोनवेअर झालेली नाही. एक-दोन कोन वर जाऊन बघावं लागेल.

राहिली खाण्याची गोष्ट. आपल्याकडे लोणचं चिनी मातीच्या तपकिरी-पांढऱ्या बरणीत वर्षभर राहतं, कारण ती काच मीठ आणि आंबट दोन्ही सोसते. आपण केलेली काच सोसेलच असं नाही. सिलिका कमी आणि तांबं जास्त असलेली ग्लेझं आंबटात विरघळतात. ग्लेझचा एक तुकडा कोकमाच्या आगळात अर्धा बुडवून दोन-तीन दिवस ठेवा. लाल रसाचा डाग धुऊन टाका आणि दोन्ही अर्धे शेजारी धरून उन्हात बघा. बुडालेला भाग फिका, निस्तेज किंवा खरबरीत झाला असेल तर ते ग्लेझ आतल्या बाजूला लावायचं नाही. काहीच फरक दिसला नाही तरी ते सुरक्षित ठरत नाही, कारण शिसं किंवा कॅडमियम डोळ्यांना न दिसता सुटू शकतं. विकायची भांडी प्रयोगशाळेतून तपासूनच द्यावीत. तोवर ज्या कपाबद्दल शंका आहे त्यात सोलकढी ओतू नका. पेनं ठेवायला तो उत्तम.